शिडांची जहाजे आणि घाटमाथ्यावरची मुले

वार्षिक परीक्षा जवळ आल्या, की निवासी विद्यालयातील मुलामुलींच्या बोलण्यात सुटीचे बेत येऊ लागतात. पूर्वी या बेतांत आजोळ, शेतातील कामे आणि एखादे धम्म शिबिर एवढेच असे. अलीकडे त्यांत ‘इंटर्नशिप’ या शब्दाची भर पडली आहे. एखाद्या बँकेत, कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत सुटीचे काही आठवडे काम शिकावे, ही कल्पना आता खेड्यापाड्यांतही रुजली आहे. त्यातच कोणाच्या तरी मोबाइलच्या पडद्यावर उंच डोलकाठ्यांचे, पांढऱ्या शिडांचे भव्य जहाज दिसते. त्याच्या दोरांवर आपल्याच वयाची मुले चढत असतात. मग सातारा-सांगलीच्या ज्या मुलांनी समुद्र फक्त सहलीत पाहिला, त्यांच्या मनातही प्रश्न उभा राहतो : आपल्याला तिथे जाता येईल का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही; आणि घाईने ‘हो’ म्हणण्याजोगाही नाही. ही जहाजे कोणती, त्यांवर नेमके काय शिकवतात, आपल्या मुलांना तिथे पोहोचण्याच्या वाटा कोणत्या आणि पालकांनी कोणत्या गोष्टी तपासून पाहाव्यात, यांची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिडांचे जहाज अजून कशासाठी?

इंग्रजीत ज्यांना ‘टॉल शिप्स’ म्हणतात ती उंच डोलकाठ्यांची, अनेक शिडांची मोठी जहाजे. वाफेचे व पुढे डिझेलचे इंजिन आल्यावर मालवाहतुकीतील त्यांचे काम संपले. मात्र अनेक देशांच्या नौदलांनी आणि संस्थांनी ती तरुणांच्या शिक्षणासाठी जपली. इंजिनाच्या जहाजावर कळ दाबली की काम होते. शिडाच्या जहाजावर वारा कोठून येतो, लाट कशी उठते, ढग काय सांगतो, हे अंगाने ओळखावे लागते. आणि वीस जणांनी एका वेळी दोर ओढल्याखेरीज शीड हलत नाही. हे शिक्षण दुसऱ्या कोणत्याही वर्गात मिळत नाही, म्हणून ही जहाजे टिकली.

या विचाराला एका शाळामास्तराने निश्चित रूप दिले, ही आपल्यासारख्या निवासी विद्यालयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. कुर्ट हान हे जर्मनीतील निवासी शाळेचे प्रमुख. नाझी राजवटीला विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. ब्रिटनमध्ये त्यांनी पुन्हा शाळा उभारली आणि १९४१ मध्ये जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने वेल्समधील अबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही संस्था सुरू केली. महायुद्धाच्या त्या काळात जहाजे बुडत होती, आणि संकटात तरुण खलाशी लवकर हातपाय गाळतात असे होल्ट यांचे निरीक्षण होते. शरीरबळापेक्षा धीर आणि एकमेकांवरचा विश्वास शिकवला पाहिजे, या निष्कर्षातून हे अभ्यासक्रम जन्माला आले.

पुढे १९५६ मध्ये इंग्लंडमधील टॉरबे ते लिस्बन अशी शिडाच्या जहाजांची पहिली मोठी शर्यत झाली. तिचीच परंपरा आज ‘टॉल शिप्स रेसेस’ या नावाने चालते. जहाजावरील निम्मे तरी मनुष्यबळ १५ ते २५ वर्षे वयाचे असले पाहिजे, हा या शर्यतींचा एक नियम आहे. म्हणजे तरुणांना या जहाजांवर पाहुणे म्हणून नेत नाहीत. त्यांच्याविना जहाज शर्यतीत उतरूच शकत नाही.

भारताची जहाजे

आपल्या देशाकडेही अशी जहाजे आहेत आणि ती आपल्या शेजारच्या गोव्यात बांधली गेली आहेत. ‘आयएनएस तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज गोवा शिपयार्डने बांधले आणि ते ११ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात दाखल झाले. २००३-०४ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते भारतीय नौदलाचे पहिले जहाज होय. तिची धाकटी बहीण ‘आयएनएस सुदर्शिनी’ २७ जानेवारी २०१२ रोजी दाखल झाली. सुमारे ५४ मीटर लांबीच्या या जहाजावर २० शिडे असून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीचे दोर आहेत. तीसेक प्रशिक्षणार्थी एका वेळी तिच्यावर राहू शकतात. दोन्ही जहाजांचा तळ कोची येथे आहे. जानेवारी २०२६ मध्ये ‘सुदर्शिनी’ तेथूनच ‘लोकायन’ नावाच्या दहा महिन्यांच्या सफरीवर निघाली.

लहान शिडनौकांचा इतिहासही अभिमानास्पद आहे. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ती पूर्ण केली. १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून जगाला फेरी घातली. पुढे २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ती फेरी पुन्हा पूर्ण केली. मुलींच्या पालकांनी ही नावे घरात अवश्य सांगावीत.

जहाजावरचा दिवस

चित्रातले जहाज फार सुंदर दिसते. त्यावरचा दिवस मात्र कष्टाचा असतो. सगळ्या मंडळींचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाकडे साधारणपणे चार तासांचा पहारा येतो. तो पहारा मध्यरात्री आला तरी उठावेच लागते. पहाऱ्यावर असताना कोणी सुकाणू धरतो, कोणी पुढे उभा राहून समुद्रावर नजर ठेवतो, कोणी दर तासाला वाऱ्याची दिशा व जहाजाची जागा नोंदवहीत लिहितो. पहारा संपला की डेक घासणे, भांडी धुणे, दोरांची वेटोळी नीट लावणे, फाटलेले शीड शिवणे ही कामे असतात. पहिले दोन-तीन दिवस पुष्कळांना बोट लागते आणि खाल्लेले पोटात ठरत नाही. पिण्याचे पाणी मोजून वापरावे लागते. मोबाइलला संपर्क मिळत नाही.

शिकण्यासारखे मात्र विपुल असते. शीड ज्या आडव्या वाशाला बांधतात त्याला परबाण म्हणतात. डोलकाठीवर चढून त्या परबाणापर्यंत जायचे, तर कमरेचा सुरक्षापट्टा अडकवल्याशिवाय एकही पाऊल टाकायचे नाही, हा पहिला धडा. कोणती गाठ ताणाखाली घट्ट राहते आणि तरी हाताने सहज सुटते, हा दुसरा. वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतेही शिडाचे जहाज जाऊ शकत नाही. म्हणून कधी डावीकडे, कधी उजवीकडे असे नागमोडी जात ठिकाण गाठावे लागते. गणित, भूगोल आणि भौतिकशास्त्र या विषयांची पुस्तकातील पाने येथे हाताला लागतात. समुद्री मैल १,८५२ मीटरचा का, हे अक्षांशाचा अर्थ समजल्यावर कोड्यासारखे राहत नाही : अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग म्हणजे तो मैल.

आपल्या विद्यालयात वाढलेल्या मुलांना या जीवनाची अर्धी ओळख आधीच असते. पहाटेची घंटा, वंदना, स्वयंपाकघरातील वाटून घेतलेली कामे, एका खोलीत दहा जणांनी राहणे, आपले ताट आपण घासणे, आजारी मित्राचे काम न सांगता उचलणे, हे सारे त्यांना नवे नाही. घरी एकुलत्या एक वाढलेल्या मुलापेक्षा वसतिगृहातला विद्यार्थी जहाजावर लवकर रुळेल, असे मानायला जागा आहे.

समुद्र आपल्याला परका आहे का?

‘आपण घाटमाथ्याचे लोक, आपला समुद्राशी काय संबंध?’ असे वडीलधारी विचारतात. इतिहास वेगळे सांगतो. मध्य प्रदेशातील भारहुत स्तूपाच्या दानलेखांत ‘करहाकट’ येथील निगमाचे, म्हणजे व्यापारी नगराचे, दान नोंदलेले आहे. हे करहाकट म्हणजे आजचे कऱ्हाड. कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगरातील बौद्ध लेणी आपण सहलीत पाहतोच. सांगलीच्या शेजारी कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची, कांस्यमूर्ती सापडली. समुद्रापलीकडून आलेली वस्तू घाट चढून पंचगंगेच्या काठी पोहोचली होती. जिथून माल वर आला, त्याच वाटांनी भिक्खू आणि व्यापारी खाली उतरत होते.

धर्मशास्त्रांनी समुद्रगमन पातक ठरवले आणि कलियुगात द्विजांना ते वर्ज्य मानले. कोळी, भंडारी, गाबीत अशा दर्यावर्दी समाजांनी समुद्राशी नाते कायम राखले, पण विद्या आणि प्रतिष्ठा ज्यांच्या हाती होती त्यांनी त्याकडे पाठ फिरवली. बौद्ध परंपरेत मात्र समुद्र निषिद्ध नव्हता. सुप्पारक जातकात बोधिसत्त्व हा भरुकच्छ बंदरातील वाटाड्याच्या घरी जन्मतो. सोळाव्या वर्षीच तो नौकानयनात निपुण होतो. पुढे खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी जाते, तरी केवळ ज्ञानाच्या बळावर तो सातशे व्यापाऱ्यांचे जहाज संकटातून सुखरूप परत आणतो. महाजनक जातकातील राजपुत्र जहाज फुटल्यावर किनारा दिसत नसतानाही सात दिवस पोहत राहतो. वीर्य पारमितेचे हे उदाहरण आपण प्रवचनांतून ऐकले आहे. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर ज्या अष्टमहाभयांतून तारतो त्यांत जहाजबुडीचे भयही कोरलेले आहे.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात सोपाऱ्याच्या पूर्णाची कथा रंगवलेली आहे आणि तिच्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज आहे. अजिंठ्याच्या चित्रांतील पाचव्या शतकातील जहाजावरून प्रेरणा घेऊन गोव्यात एक नवे जहाज बांधले गेले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली झालेले हे काम २०२३ मध्ये सुरू झाले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून, इंजिनाविना, जानेवारी २०२६ च्या मध्याला ते ओमानमधील मस्कतला पोहोचले. या नावाचा कौंडिण्य म्हणजे आग्नेय आशियात गेलेला दंतकथेतील दर्यावर्दी. धम्मचक्रप्रवर्तनाच्या वेळचे पंचवर्गीय भिक्खू कौंडिण्य हे वेगळे. तरीही लेण्याच्या भिंतीवरचे एक चित्र दीड हजार वर्षांनंतर पाण्यावर उतरावे, याचे आपल्या मुलांना विशेष वाटेल यात शंका नाही.

सातारा आणि सांगली या दोन्ही नगरांची आधुनिक काळातील नाळही समुद्राशी जोडलेली आहे. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते वालचंद हिराचंद हे सिंदिया जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. त्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. साताऱ्याची गोष्ट तर आपल्या काळजाची आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी मसूर स्थानकावरून वडिलांकडे जाताना त्यांना आणि त्यांच्या भावंडांना वाटेत कोणी पाणीही दिले नाही. तेच भीमराव १९१३ च्या उन्हाळ्यात सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचले. १९१७ मध्ये परतताना त्यांचे सामान व पुस्तके ज्या जहाजावर होती ते युद्धात बुडाले, तरी १९२० मध्ये त्यांनी पुन्हा समुद्र ओलांडला. मसूरच्या वाटेवर तहानलेल्या मुलाला समुद्राने अडवले नाही. ज्या जहाजावर सगळ्यांसाठी एकच पाण्याची टाकी आणि एकच दोर असतो, तिथे आपल्या मुलांनी आत्मविश्वासाने उभे राहावे, यामागे हा वारसा आहे.

आपल्या जिल्ह्यांतून जाणाऱ्या वाटा

आता प्रत्यक्ष मार्गाकडे वळू. ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ ही नौदलाची प्रशिक्षण जहाजे आहेत. बाजारात तिकीट घेऊन त्यांवर जाता येत नाही. त्यांच्यापर्यंत नेणारी मुख्य वाट म्हणजे नौदलाची किंवा तटरक्षक दलाची सेवा. बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (खडकवासला) किंवा भारतीय नौदल अकादमी (एळिमला) येथे प्रवेश मिळू शकतो. प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी आपल्या साताऱ्यातच सुरू झाली, हे येथे सांगितले पाहिजे.

शालेय वयात सर्वांत जवळची वाट एनसीसीची. तिच्या नौसेना शाखेत दोरगाठी, वल्हवणे, शिडाची होडी हाकणे यांचे शिक्षण मिळते आणि निवडक छात्रांना नौदलाच्या जहाजांवर राहण्याची संधी मिळते. आपल्या भागातील अनेक तुकड्या भूसेना शाखेच्या असल्याने पुणे-मुंबईच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या वेळीच नौसेना शाखेची चौकशी करावी.

व्यापारी जहाजांवर जायचे असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ जहाजावर सुरू झालेली भारतीय कॅडेटांच्या शिक्षणाची परंपरा पुढे ‘राजेंद्र’ जहाजाने आणि आता नवी मुंबईतील ‘टी. एस. चाणक्य’ने चालवली आहे. दहावीनंतर खलाशी होण्यासाठी जीपी रेटिंगचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमही असतो. या सर्व मार्गांत डोळ्यांची तपासणी कडक असते. रंगांधत्व असेल तर जहाज हाकण्याच्या शाखेत प्रवेश मिळत नाही. म्हणून खर्च करण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत.

परदेशी जहाजांवर तरुणांना काही आठवड्यांसाठी घेतात, हे खरे आहे. मात्र त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी वेतन मिळत नाही, उलट शुल्क भरावे लागते. शिवाय पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि विमानप्रवास यांचा खर्च वेगळा. काही संस्था शिष्यवृत्ती देतात. ती मिळाली तरच हा विचार करावा, कर्ज काढून करू नये. ऋतूचेही भान हवे. युरोपातील शर्यतींचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. त्यामुळे महाराष्ट्रात पाण्यावर काही शिकायचे, तर सुटीतील एप्रिल-मे हेच महिने हाती असतात.

आणि या सगळ्यांच्या आधीची पायरी आपल्या गावातच आहे : पोहणे. आपली मुले विहिरीत, कृष्णेत, कोयनेत पोहायला शिकतात. मुलींना मात्र पुष्कळदा ती संधी नाकारली जाते. ती या सुटीपासून द्यावी. हैदराबादच्या हुसेनसागर तलावावर तेथील यॉट क्लबने गरीब घरांतील मुलामुलींना शिडाची होडी शिकवली आणि त्यांतून राष्ट्रीय दर्जाचे खेळाडू घडले. तलाव आणि धरणे आपल्याकडेही आहेत.

पालकांच्या दोन शंका

पहिली शंका जिवाची. ती खोटी म्हणता येणार नाही. २१ सप्टेंबर १९५७ रोजी ‘पामीर’ हे जर्मन प्रशिक्षण जहाज अटलांटिकमधील वादळात बुडाले. त्यावरील ८६ जणांपैकी केवळ ६ जण वाचले आणि मृतांत बहुसंख्य तरुण प्रशिक्षणार्थी होते. मे २०२५ मध्ये मेक्सिकोच्या नौदलाचे ‘क्वाउतेमोक’ हे जहाज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाला धडकले आणि दोन तरुणांचा बळी गेला. म्हणून जहाज कोणाचे आहे, त्याची तपासणी झाली आहे का, विमा आहे का, सुरक्षापट्टे व लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळतात का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. जी संस्था या प्रश्नांनी नाराज होते, तिच्याकडे मूल पाठवू नये.

मात्र पाण्यापासून दूर राहिल्याने पाण्याचे भय टळत नाही, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावासाठी निघालेली, क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. नावेत किती माणसे बसावीत, लाइफ जॅकेट आधी कोणाला द्यावे, घाबरलेल्या माणसांना शांत कसे ठेवावे, हे ज्ञान त्या दिवशी मोलाचे ठरले असते. जहाजावर एक उन्हाळा काढून परतलेला विद्यार्थी नोकरीला कोठेही लागो, पुढच्या पुरात त्याच्या गावाजवळ हे ज्ञान असेल.

दुसरी शंका पैशाची. आणि खरी फसगत येथेच होते. ‘जहाजावर नोकरी लावतो’ असे सांगून ग्रामीण भागातील तरुणांकडून मोठ्या रकमा उकळणारे दलाल आहेत. जहाजावर खलाशी भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावाच लागतो आणि नोकरी लावून देण्यासाठी तरुणाकडून शुल्क घेण्यास नियमाने मनाई आहे. एवढे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी अनेक घरांची जमीन वाचेल. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का, हे महासंचालनालयाच्या यादीत पाहून घ्यावे. तसेच शिडाच्या जहाजावरील काही आठवड्यांचे प्रमाणपत्र हा नोकरीचा परवाना नसतो. तसे कोणी सांगत असेल तर तेथून उठून यावे.

समारोप

या सुटीत विद्यालयातील किती मुले खरोखर शिडाच्या जहाजावर जातील? कदाचित एकही नाही. पुढील काही वर्षांत दोन-चार जण जातील. तरी त्यांच्या या उत्सुकतेची पाठराखण करणे आपले कर्तव्य आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे नौदलात, तटरक्षक दलात किंवा व्यापारी जहाजांवर आहेत त्यांनी सुटीत येऊन मुलांशी बोलावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी एका विद्यार्थ्याच्या पोहण्याच्या शिकवणीचा, एनसीसीच्या शिबिराला जाण्यायेण्याचा किंवा डोळ्यांच्या तपासणीचा खर्च उचलावा. पालकांनी आपल्या मुलीला पाण्यात उतरू द्यावे. जातकातील सुप्पारक सोळाव्या वर्षी नौकानयनात निपुण झाला, कारण ते ज्ञान त्याला घरी मिळाले होते. आपल्या मुलांना ते घरी मिळत नाही. म्हणून ते त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे शाळेचे आणि समाजाचे काम आहे.